एकाच प्रथिनासाठी तीन प्रोग्रॅमनी तीन वेगळे जीन दिले. यातला कुठला मागवू?

केतकी_सागरमाळ
नमस्कार मंडळी. एमएस्सी बायोटेकचं शेवटचं वर्ष, प्रोजेक्ट कोल्हापुरातच. विषय झायलनेज. उसाच्या चिपाडात सेल्युलोजच्या जोडीला झायलन असतं, ते तोडणारं हे एन्झाइम. उष्णता सोसणाऱ्या एका बुरशीचं झायलनेज मला ई. कोलाय या जिवाणूत बनवायचं आहे. बुरशीच्या जीनमध्ये मधे मधे इन्ट्रॉन (प्रथिनासाठी न लागणारे तुकडे) असतात आणि ते कापून काढायची सोय ई. कोलायकडे नाही. म्हणून गाइड मॅडम म्हणाल्या, बुरशी वाढवत बसू नकोस, प्रथिनाचा क्रम डेटाबेसमध्ये आहे, त्यावरून जीन डिझाइन कर आणि बनवून मागव.

इथवर ठीक. तो क्रम (जवळपास दोनशे अमिनो आम्लं) मी तीन फुकट प्रोग्रॅममध्ये टाकला. तिघांनी तीन वेगळे डीएनए क्रम दिले. एकाचा स्कोअर ०.९७, दुसऱ्याचा ०.८२, तिसऱ्याने स्कोअर दिलाच नाही, नुसतं हिरव्या अक्षरात 'ऑप्टिमाइज्ड'. तिन्ही परत प्रथिनात वाचून पाहिले, शेवटच्या अमिनो आम्लापर्यंत सारखे. खर्चाला मंजुरी एकाच जीनची आहे. ०.९७ वाला डोळे झाकून घेऊ का?

बिंदू_चौक
वाचतोय. विषय एक नंबर.

पेठेतला_पैलवान
केतकीताई, आमचं शिक्षण कॉमर्सचं. प्रथिन एक आणि जीन तीन, हे कसं काय जमतं? कुणीतरी सोपं करून सांगा, म्हणजे पुढचं कळेल.

जुने_मास्तर
पैलवान, चांगलं विचारलंस. डीएनएत चार अक्षरं: ए, टी, जी, सी. तीन-तीन अक्षरांचा एक कोडॉन, म्हणजे एकूण ६४ कोडॉन. त्यातले ३ 'थांबा' सांगणारे, उरलेले ६१ अमिनो आम्लांचे. अमिनो आम्लं मात्र २०. त्यामुळे ल्युसिन, सेरिन, आर्जिनिन यांना प्रत्येकी सहा कोडॉन आहेत आणि मिथिओनिन व ट्रिप्टोफॅनला एकेकच. सरासरी तीन पर्याय धरले तरी दोनशे अमिनो आम्लांच्या प्रथिनासाठी ३ चा २०० वा घात इतके जीन लिहिता येतात. म्हणजे एकावर साधारण ९५ शून्यं. केतकीच्या हाती त्यातले तीन पडलेत.

आता सगळे सारखेच का चालत नाहीत? लग्नाची पंगत डोळ्यांसमोर आण. पानं मांडलीत, वाढपी फिरताहेत. भात वाढणारे दहा जण आहेत आणि कोशिंबिरीला एकटाच. कोशिंबिरीचं पान आलं की पंगत खोळंबते. पेशीत हे वाढपी म्हणजे टीआरएनए, कोडॉन ओळखून अमिनो आम्ल आणून देणारे. जीनची नक्कल म्हणजे एमआरएनए, आणि ती वाचत प्रथिन जोडणारं यंत्र म्हणजे रायबोसोम. ई. कोलायमध्ये आर्जिनिनच्या एजीजी आणि एजीए या कोडॉनांचे टीआरएनए फार कमी. बुरशीच्या जीनमध्ये ते कोडॉन लागोपाठ आले की रायबोसोम अडतो, कधी प्रथिन अर्धवट सोडून देतो. म्हणून ज्या पेशीत जीन घालायचा तिच्या सवयीचे कोडॉन निवडायचे.

जाता जाता एक. हे कोडॉन उलगडण्यात हरगोविंद खोराना यांचा मोठा वाटा, १९६८ चं नोबेल त्यासाठीच. आणि अख्खा जीन रसायनांतून जोडण्याचं काम पहिल्यांदा केलं तेही त्यांच्याच गटाने. १९७० साली यीस्टच्या एका टीआरएनएचा ७७ जोड्यांचा जीन. तेव्हा एकेक तुकडा हाताने जोडायला माणसांची वर्षं गेली. आज आपल्या विद्यार्थिनीला तीन क्रमांतून निवड करायची आहे, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

गणितवेडी
मास्तरांनी मांडणी छान केली. मी स्कोअरबद्दल सांगते, कारण केतकीचा प्रश्न तिथेच अडलाय.

तो आकडा बहुधा सीएआय (कोडॉन अडॅप्टेशन इंडेक्स) असणार. शार्प आणि ली यांनी १९८७ मध्ये मांडला. प्रत्येक कोडॉनला त्याच अमिनो आम्लाच्या सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या कोडॉनच्या तुलनेत वजन द्यायचं आणि सगळ्या वजनांचा भूमितीय मध्य काढायचा. सगळीकडे सर्वांत लाडका कोडॉन वापरला तर स्कोअर १. पण वजनं कुठल्या तक्त्यावरून घेतली? कुणी ई. कोलायच्या सगळ्या जीनांची सरासरी घेतं, कुणी फक्त भरपूर प्रथिन बनवणारे निवडक जीन घेतं. तक्ते वेगळे असतील तर एका प्रोग्रॅमचा ०.९७ आणि दुसऱ्याचा ०.८२ यांची तुलना करताच येत नाही. आधी तिन्ही क्रम एकाच तक्त्यावर मोजून घे.

आणि स्कोअर १ गाठणं गणिताने अगदी सोपं आहे, त्याला हुशारी लागत नाही. अवघड भाग पुढे आहे: एमआरएनए स्वतःवर कसा दुमडतो, जी आणि सी या अक्षरांचं (जीसीचं) प्रमाण किती, एन्झाइमने डीएनए कापायच्या नको असलेल्या जागा आल्या का, हे सगळं एकदम सांभाळणं. २०२३ मध्ये बायडू या चिनी कंपनीच्या गटाने लिनिअरडिझाइन हा प्रोग्रॅम प्रसिद्ध केला, ते वाचून मी थक्क झाले होते. कोविडच्या स्पाइक प्रथिनात १२७३ अमिनो आम्लं. त्यासाठी शक्य असलेले एमआरएनए क्रम सुमारे १०^६३२. एकेक तपासणं अशक्य. त्यांनी भाषेच्या व्याकरण-विश्लेषणातली पद्धत वापरून, सगळे पर्याय एका जाळीत मांडून, सर्वांत टिकाऊ दुमड आणि कोडॉन यांचा मेळ अवघ्या ११ मिनिटांत काढला.

राजारामपुरी_ते_पुणे
केतकी, ०.९७ वाला डोळे झाकून घेऊ नकोस. मी प्रथिनं बनवण्याच्या कामात आहे, त्यामुळे हे रोजचं.

मास्तर, तुमची पंगत पटली, पण ई. कोलायमध्ये बऱ्याचदा खोळंबा पानांवर होत नाही, मांडवाच्या दारात होतो. रायबोसोमला एमआरएनएवर बसायलाच जागा मिळत नाही, कारण सुरुवातीचा भाग स्वतःशीच जोड्या लावून घट्ट दुमडलेला असतो. २००९ मध्ये कुडला आणि सहकाऱ्यांनी याची चोख परीक्षा घेतली. हिरव्या चमकणाऱ्या जीएफपी या एकाच प्रथिनाचे १५४ वेगवेगळे जीन बनवले. प्रथिनाचं प्रमाण एकातून दुसऱ्यात २५० पटींपर्यंत बदललं. कोडॉनच्या स्कोअरशी त्याचा मेळ लागेना. मेळ लागला सुरुवातीच्या चाळीसेक अक्षरांच्या दुमडण्याशी, निम्म्याहून जास्त फरक त्यानेच समजला.

म्हणून: एटीजीपासूनचे पहिले दहा-बारा कोडॉन वेगळे काढ. तिथे लाडके कोडॉन बाजूला ठेव, ए आणि टी जास्त येतील असे निवड. मग आरएनएफोल्ड या दुमड दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये टाकून बघ. टाकताना फक्त तुझा जीन टाकू नकोस, व्हेक्टरमधली (जीन पेशीत नेणाऱ्या डीएनएमधली) रायबोसोम बसायची जागा धरून टाक. बरेच जण ती सोडून देतात आणि मिळालेल्या उत्तराला काही अर्थ राहत नाही.

जुने_मास्तर
राजारामपुरी, दाराचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण त्याच शोधनिबंधात पुढे असंही आहे की लाडके कोडॉन असलेल्या जीनांमुळे पेशींची वाढ चांगली राहिली. दुर्मीळ कोडॉनवर रायबोसोम अडकून पडले की पेशीच्या स्वतःच्या कामाला ते कमी पडतात. तेव्हा दार मोकळं ठेवा, पण वाढप्यांनाही विसरू नका. कोडॉनला काही महत्त्वच नाही असा निष्कर्ष मुलांनी काढला तर ते चूक होईल.

राजारामपुरी_ते_पुणे
बरोबर सर. माझा विरोध फक्त स्कोअर १ च्या हट्टाला आहे. प्रत्येक ल्युसिनला सीटीजी, प्रत्येक अॅलानिनला जीसीजी असं केलं की क्रमात तीच तीच अक्षरं परत येतात, जीसी वाढतं, आणि मग जीन बनवणारी कंपनीच म्हणते हा क्रम आम्हाला जमणार नाही.

पेठेतला_पैलवान
मास्तर, कळलं! आता पंगतीत बसलो की टीआरएनए आठवणार. वाढपी कमी पडले तर आम्ही तालमीची पोरं पाठवतो.

गणितवेडी
पैलवान, प्रयोगशाळेत हेच करतात :) रोझेटा नावाची ई. कोलायची जात मिळते, तिच्यात दुर्मीळ कोडॉनांचे टीआरएनए जादा घातलेले असतात.

भुदरगडकर
ताई, ही सगळी भानगड लई चांगली हाय. पर आमच्या उसाला हुमणी लागलीया, निम्मा प्लॉट पिवळा पडलाय. कॉम्प्युटरवर असा जीन लिवता येत न्हाई का, की हुमणीनं मूळ खाल्लं की खपली?

जुने_मास्तर
भुदरगडकर, तुमचा प्रश्न या धाग्याच्या मुळाशीच जातो. बीटी कापूस १९९० च्या दशकात उभा राहिला तो याच कोडॉनच्या कामावर. बीटीचं प्रथिन मूळचं मातीतल्या जिवाणूचं. त्याच्या जीनमध्ये ए आणि टी फार. तो जीन जसाच्या तसा झाडात घातला तर झाडाची पेशी अधूनमधून 'इथे एमआरएनए संपला' अशी खूण वाचायची आणि संदेश अर्धवट तुटायचा. प्रथिन नावालाच बनायचं. १९९१ मध्ये पर्लाक आणि सहकाऱ्यांनी प्रथिन तेच ठेवून जीन झाडाच्या सवयीने नव्याने लिहिला. प्रथिनाचं प्रमाण शंभरपटीपर्यंत वाढलं.

ब्राझीलने २०१७ मध्ये बीटी उसाला परवानगी दिली, पण तो खोडकिडीसाठी. खोडकीड म्हणजे पतंगाची अळी. हुमणी म्हणजे भुंगेऱ्याची अळी, तिच्यावर ते प्रथिन चालत नाही. भुंगेऱ्यांवर चालणारी क्राय८ सारखी वेगळी प्रथिनं आहेत, त्यांच्यावर काम चालू असतं. आज तुमच्या शेतात मात्र वळवाच्या पावसानंतर कडुनिंब-बाभळीवर जमणारे भुंगेरे गोळा करून मारणं आणि मेटारायझियम बुरशी जमिनीत देणं, हेच खात्रीचं.

भुदरगडकर
भुंगेरं गोळा करायचं काम गावानं मिळून केलं तरच उपेग. एकट्यानं करून शेजारचं येत्यातच. तरी बी सांगितल्याबद्दल आभार मास्तर.

शंकासुर
मला या जीन लिहिण्याचीच भीती वाटते. बीटी कापसाला भारतात २००२ मध्ये परवानगी मिळाली, तेव्हा बोंडअळी संपली असं सांगत होते. आता गुलाबी बोंडअळी बीटीला दाद देत नाही, विदर्भात शेतकऱ्याने परत फवारणीचा पंप उचलला. आणि दुसरं, २००२ मध्येच अमेरिकेत विमर यांच्या गटाने पोलिओचा विषाणू नुसत्या क्रमावरून बनवून दाखवला होता. मग उद्या कुणीही काहीही मागवेल.

राजारामपुरी_ते_पुणे
शंकासुर, दोन्ही मुद्दे खरे आहेत आणि कुणी ते टाळू नयेत. बोंडअळीचं म्हणाल तर जीन लिहिण्यात खोट नव्हती. शेताच्या कडेने बिगर-बीटी कापसाचा पट्टा लावायचा नियम बहुतेक ठिकाणी पाळला गेला नाही, हंगाम लांबवले गेले, आणि अळीला प्रतिकार कमवायला मोकळं रान मिळालं. शास्त्र चांगलं असूनही शेतात वापर चुकला तर नुकसान शेतकऱ्याचंच होतं, हे मला फार लागतं.

मागवण्याबद्दल: मोठ्या कंपन्या प्रत्येक मागणीचा क्रम घातक रोगजंतूंच्या याद्यांशी ताडून बघतात आणि मागवणारा कोण हेही तपासतात. आपल्याकडे १९८९ चे नियम आहेत, संस्थेच्या जैवसुरक्षा समितीच्या देखरेखीशिवाय असं काम करता येत नाही. केतकी, तुझ्या प्रोजेक्टचा कागद समितीकडे गेलाय ना?

केतकी_सागरमाळ
हो सर, मॅडमनी आधी तोच कागद करायला लावला. क्रम नंतर.

शंकासुर
हे वाचून बरं वाटलं. तरी सगळ्या कंपन्या तपासतात असं नाही, आणि ते सक्तीचं व्हायला हवं, या मतावर मी ठाम आहे.

गणितवेडी
त्यावर माझंही अनुमोदन.

मळीवाला
साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहे, जीनमधलं कळत नाही. पण एक विचारतो. प्रथिन बुरशीचंच का? आता तर कॉम्प्युटर नवं प्रथिनच बनवतो म्हणे.

जुने_मास्तर
बनवतो. बेकर यांच्या गटाने २००३ मध्ये टॉप७ नावाचं ९३ अमिनो आम्लांचं प्रथिन बनवलं, त्याची घडण निसर्गात कुठेच नव्हती. २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल बेकर, हसाबिस आणि जम्पर यांना याच क्षेत्रासाठी मिळालं. पण एमएस्सीच्या प्रोजेक्टला निसर्गाने घासूनपुसून दिलेलं एन्झाइम घ्यावं. ते काम करतं हे ठाऊक असतं, मग बिघडलं तर कुठे बिघडलं ते शोधता येतं.

राजारामपुरी_ते_पुणे
केतकी, मागणी टाकण्याआधी एवढं बघून घे. हे कुठलाच स्कोअर सांगत नाही.

बुरशी हे एन्झाइम बाहेर सोडते, म्हणजे प्रथिनाच्या सुरुवातीला सिग्नल पेप्टाइड (बाहेर पाठवायची खूण असलेला तुकडा) असणार. ते काढलंस का? डेटाबेसमधला क्रम बहुधा त्याच्यासकट असतो. काढून पुढे नवा एटीजी लाव. प्रथिनात सिस्टीनची जोडी आहे का बघ. डायसल्फाइड बंध लागत असेल तर साध्या ई. कोलायच्या आत तो नीट जुळत नाही.

व्हेक्टर पीईटी जातीचा असेल तर एनडीई-वन आणि एक्सएचओ-वन या डीएनए कापणाऱ्या एन्झाइमांनी कापणार असशील. एनडीई-वन सीएटीएटीजी हा क्रम कापतं. तुझ्या प्रथिनात हिस्टिडीननंतर लगेच मिथिओनिन असेल आणि प्रोग्रॅमने हिस्टिडीनला सीएटी दिलं, की जीनच्या मधोमध कापायची जागा आपोआप तयार. आणि हिस-टॅग (प्रथिन वेगळं काढायला लावलेली हिस्टिडीनची शेपटी) व्हेक्टरमधला शेवटी लावायचा असेल तर थांबा-कोडॉन लिहू नकोस.

कंपन्या कुरकुर का करतात तेही समजून घे. डीएनए एकेक अक्षर जोडत बनतो. प्रत्येक पायरी ९९.५ टक्के यशस्वी झाली तरी २०० अक्षरांनंतर पूर्ण लांबीचे तुकडे सुमारे ३७ टक्केच उरतात. पायरी ९९ टक्क्यांवर आली तर १३. म्हणून छोटे तुकडे करून टोकं जुळवून सांधतात. क्रमात तोच तुकडा दोनदा आला तर टोकं भलत्या ठिकाणी जुळतात.

आता पैशाचा प्रश्न. अख्खा जीन एकच मागव. सुरुवातीचे बारा कोडॉन बदलायला नवा जीन लागत नाही. साठ-सत्तर अक्षरांचा लांब प्रायमर (डीएनएची प्रत सुरू करून देणारा छोटा तुकडा) लिही: पुढे कापायची जागा, मग तुझे बदललेले बारा कोडॉन, मग तेराव्या कोडॉनपासून जुळणारी वीसेक अक्षरं. पीसीआर केलं, म्हणजे त्याच्या भरपूर प्रती काढल्या, की नवी सुरुवात तयार. असे दोन प्रायमर घेतलेस तर एका जीनच्या खर्चाच्या आसपास तीन रूपं तपासून होतील.

केतकी_सागरमाळ
सर, हे सोनं आहे! मॅडमनाही दाखवलं, त्या लगेच हो म्हणाल्या. सिग्नल पेप्टाइड काढलेलंच होतं. ०.९७ वाल्या क्रमात हिस्टिडीन-मिथिओनिनची जागा खरंच एकदा आली आहे, एनडीई-वनने तो मधोमध तुटला असता. गणितवेडीताई, तिन्ही एका तक्त्यावर मोजले, अंतर बरंच कमी झालं. ०.८२ वाला घेतेय, त्यात पुनरावृत्तीही कमी आहे. सोबत दोन प्रायमर.

बिंदू_चौक
निकाल आला की इथंच सांगा. मिसळ माझ्याकडून.

केतकी_सागरमाळ
धागा वर काढतेय, निकाल आला आहे.

तिन्ही रूपं प्रथिनं वजनानुसार वेगळी करणाऱ्या एकाच जेलवर चालवली. मूळ सुरुवातीच्या रांगेत बावीस-तेवीस किलोडाल्टनला पुसट रेघ, डोळे बारीक करून बघावी अशी. पहिल्या प्रायमरची त्याहून ठळक. दुसऱ्या प्रायमरची, म्हणजे ज्याची दुमड आरएनएफोल्डने सर्वांत सैल दाखवली होती, ती जाड काळपट-निळी पट्टी. प्रथिन तिन्हींत तेच, फरक फक्त पहिल्या बारा कोडॉनांचा.

पण ३७ अंशांवर वाढवलं तर बहुतेक सगळं प्रथिन गाळात बसतं, वरच्या पाण्यात काही नाही. मॅडमनी तापमान १८ वर आणून रात्रभर ठेवायला सांगितलं, तेव्हा थोडं वर राहिलं. त्याचा थेंब झायलनच्या प्लेटवर टाकला, काँगो रेडने रंगवून मिठाच्या पाण्याने धुतली. लाल प्लेटवर थेंबाभोवती फिकट गोल उमटला. एन्झाइम चालतंय!

राजारामपुरी_ते_पुणे
व्वा! गाळात बसणं हे घडीचं दुखणं, कोडॉनचं नव्हे. दार मोकळं झालं, आता प्रथिन इतक्या वेगाने बनतंय की घडी घालायला वेळ पुरत नाही. आयपीटीजी (जीन चालू करायला घालतो ते रसायन) कमी करून बघ.

जुने_मास्तर
आणि इथे कोडॉनची दुसरी बाजू येते. रायबोसोम कुठे हळू चालतो यावरही घडी अवलंबून असू शकते. २००७ मध्ये माणसाच्या एमडीआर१ जीनबाबत असं दाखवलं गेलं की अमिनो आम्ल न बदलता कोडॉन बदलला तरी प्रथिनाचं वागणं बदललं. प्रबंधात यावर एक परिच्छेद अवश्य लिही.

पेठेतला_पैलवान
केतकीताई, नाद खुळा! यातलं निम्मं कळलं, पण सगळं वाचलं.

केतकी_सागरमाळ
सगळ्यांचे मनापासून आभार. आता खऱ्या चिपाडावर चालवायचं आहे. कारखान्याच्या आवारातल्या ढिगातून बगॅस आणला तर चालेल का?

मळीवाला
आता माझं काम आलं. ढिगातला जुना बगॅस घेऊ नका. तो आतून तापतो, ओला राहतो, त्याच्यावर आधीच बुरश्या वाढलेल्या असतात आणि त्या स्वतःचं झायलनेज सोडतात. एन्झाइम न घालताही साखर दिसेल आणि तुमचा कंट्रोल बिघडेल. हंगाम चालू आहे तोवर मिलच्या शेवटच्या रोलरवरून पडणारा ताजा घ्या, त्यात उरलेली साखर गरम पाण्याने निघेपर्यंत धुवा, मग वाळवून दळा. लिग्निन वर असेपर्यंत एन्झाइम आत पोचत नाही, तेव्हा थोड्या कॉस्टिकमध्ये उकळून परत धुवा, सामू बघूनच एन्झाइम घाला. एका भागात उकळून मारलेलं एन्झाइम घालून शेजारी ठेवा.

भुदरगडकर
गुऱ्हाळाचं चिपाड पायजे आसंल तर सांगा. त्ये बी ताजंच घ्या, उन्हात टाकल्यालं नको.

केतकी_सागरमाळ
दोन्ही घेते. गुऱ्हाळाच्या चिपाडात रस जास्त राहतो ना? म्हणजे ते जास्त वेळा धुवावं लागेल.

मळीवाला
हो. धुतलेल्या पाण्याचा ब्रिक्स (विरघळलेल्या साखरेचं माप) शून्याला येईपर्यंत धुवा. रिफ्रॅक्टोमीटर नसेल तर आमच्या लॅबमध्ये या.